ब्रिटिश रणगाड्याचं अपग्रेड कसं वाचायचं: सेंच्युरियनपासून चॅलेंजर ३ पर्यंत, वही-पेन घेऊन

गेल्या महिन्यात भाचा घरी आलता, डिप्लोमा मेकॅनिकलला हाय, सेमिनारचा विषय घेतलाय ब्रिटिश मेन बॅटल टँक आणि हातात चार पानं प्रिंट काढलेली, त्यावर नुसती यादी, कुठल्या साली कुठला रणगाडा आला, नळी किती मिलिमीटर, वजन किती. मी म्हटलं बाळा हे पाठ करून काय उपयोग, सर एकच प्रश्न विचारतील की हे बदललं कशासाठी, मग तू गप्प. आमचं अख्खं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलं, इंजिन खोलणं आणि परत बांधणं, त्यामुळं मशीनकडं बघायची एक सवय लागलीय आणि ती सवय रणगाड्यालाही तशीच लागू पडते. मी त्याला जसं शिकवलं तसंच इथं लिहितोय. ज्याला नाद हाय त्यानं वही घेऊन बसा.

वहीचं पान आडवं धरा आणि चार रकाने आखा. तोफ, इंजिन, चिलखत आणि डोळे. डोळे म्हणजे नेम धरायची सगळी यंत्रणा, दुर्बीण, लेझर, रात्री बघायचा कॅमेरा वगैरे. पाचवा एक अरुंद रकाना ठेवा वजनाचा. आता नियम एकच. कुठल्याही रकान्यात बदल दिसला की लगेच पुढं जायचं नाही, बाकीच्या रकान्यांत बघायचं की ह्या बदलानं आणखी काय काय ओढलं. ऑईल इंजिनचा एचपी वाढवला की रेडिएटर, क्लच, फाउंडेशन बोल्ट सगळंच बघावं लागतं ना, तसंच. अपग्रेड म्हणजे नवीन पार्ट नव्हे, नवीन पार्टसाठी जी जी ओढाताण झाली ती सगळी.

सुरुवात सेंच्युरियनपासून करा, कारण ह्याच्यावर सगळ्यात स्वच्छ शिकता येतं. काम १९४३ ला सुरू झालं, १९४५ च्या मे महिन्यात पहिले सहा नमुने जर्मनीत पोचले, तोवर युद्ध संपलेलं. पहिल्या मार्कला (मार्क म्हणजे त्याच रणगाड्याची सुधारलेली आवृत्ती) १७-पाउंडर तोफ म्हणजे ७६.२ मिलिमीटर, मार्क ३ ला २०-पाउंडर म्हणजे ८४ मिलिमीटर, आणि १९५९ च्या सुमारास १०५ मिलिमीटरची एल-७. मधे १९५६ ला हंगेरीत उठाव झाला तेव्हा एक सोव्हिएत टी-५४ बुडापेस्टच्या ब्रिटिश वकिलातीच्या आवारात आणला गेला, तो बघितल्यावर लक्षात आलं की २०-पाउंडर ह्याच्यापुढं पुरणार नाही, आणि १०५ च्या कामाला घाई आली.

आता इथं थांबा, कारण खरी गंमत इथं हाय. ८४ वरून १०५ म्हणजे नळी किती जाड झाली बघा, पण एल-७ तोफ मुद्दाम अशी बनवली की ती २०-पाउंडरच्याच माउंटिंगमध्ये बसावी. म्हणजे टरेट, रणगाड्याचं वरचं फिरणारं डोकं, नवीन नाही, जुना रणगाडा आत घ्यायचा, तोफ बदलायची, बाहेर काढायचा. आमच्याकडं ह्याला म्हणतात जुन्या ब्लॉकला मोठी स्लीव्ह बसवली. वहीत तोफेच्या रकान्यात १०५ लिहा आणि बाकी रकान्यांत जवळपास काहीच हललं नाही असं लिहा, आणि म्हणूनच हे अपग्रेड जगभर चाललं. जर्मनीच्या लेपर्ड १ ला हीच तोफ, अमेरिकेच्या एम-६० ला हिच्यावरूनच केलेली तोफ. असं अपग्रेड क्वचित जमतं.

मार्कचे नंबर कसे वाचायचे तेही इथंच शिकून घ्या. मार्क ५/१ म्हणजे मार्क ५ ला जादा चिलखत, मार्क ५/२ म्हणजे मार्क ५ ला १०५ ची तोफ. दोन्ही एकत्र केलं की मार्क ६. हे कळलं की ते तिरके आकडे बघून डोकं दुखायचं बंद होतं. सेंच्युरियनचे असे करत करत १३ मार्क झाले.

इंजिनच्या रकान्यात मात्र सेंच्युरियन लंगडा. रोल्स-रॉइसचं मेटिऑर, २७ लिटरचं व्ही-१२, पेट्रोलवर चालणारं, ६५० एचपी, स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनाचंच जमिनीवरचं भावंड, फक्त सुपरचार्जर काढलेला. इंजिन उत्तम होतं पण ५२ टनाला पेट्रोल पाजायचं म्हणजे काय होतं सांगतो, मार्क ३ एका टाकीत रस्त्यावर शंभर किलोमीटरच्या आसपास जायचा. कोल्हापुरातून पुण्याच्या दिशेनं निघाला तर कराड ओलांडेल आणि साताऱ्याच्या अलीकडं उभा राहील. त्यामुळं मागं एका चाकाचा इंधनाचा ट्रेलर जोडायची सुद्धा सोय केली. इस्रायलनं पुढं आपल्या सेंच्युरियनला ७५० एचपीचं अमेरिकन डिझेल घातलं, सोबत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि त्यासाठी मागचा इंजिनवरचा डेक उंच करावा लागला. फोटोत मागची बाजू फुगलेली दिसली की समजायचं इंजिन बदललेलं हाय. हा बदल आणि त्यानं ओढलेला बदल.

आता चीफ्टन, सेंच्युरियननंतरचा ब्रिटिश रणगाडा. ह्याच्यावर मी जास्त वेळ घालवणार, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाचा जीव इथं अडकतो.

तोफ बघा तर १२० मिलिमीटरची एल-११, १९६० च्या दशकात एवढी तोफ म्हणजे विषय हार्ड. चिलखत उतरतं, टरेटचं नाक पुढं निमुळतं, ड्रायव्हर जवळपास झोपून गाडी चालवतो म्हणजे हल, रणगाड्याचं खालचं धड, बुटकी ठेवता येते. गोळा वेगळा आणि दारूची पिशवी वेगळी, त्या पिशव्या पाण्याच्या आवरणात, टरेट रिंगच्या खाली ठेवलेल्या, म्हणजे मार बसला तरी आग भडकू नये. किती विचार केलाय बघा. आणि इंजिन, ते म्हणजे लेलँड एल-६०.

त्यावेळी नेटोमध्ये असं ठरलं की रणगाड्याचं इंजिन मिळेल त्या इंधनावर चाललं पाहिजे, डिझेल असो पेट्रोल असो. त्यासाठी निवडलं अपोझ्ड पिस्टन टू-स्ट्रोक. ज्यांनी असं इंजिन बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सहा सिलिंडर उभे, पण पिस्टन बारा. प्रत्येक लायनरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, एक पिस्टन वरून खाली येतो आणि एक खालून वर जातो, मधोमध दोघं जवळ येतात तिथं कॉम्प्रेशन होतं, तिथंच इंधन मारलं जातं. म्हणजे सिलिंडर हेडच नाही, व्हॉल्व्ह नाहीत, हेड गॅस्केट उडायचा प्रश्नच नाही. लायनरलाच भोकं, एक पिस्टन हवेची भोकं उघडतो, दुसरा धुराची. क्रँक दोन, एक वर एक खाली, दोन्ही गिअरनं एकमेकांना बांधलेले. आणि हवा ढकलायला ब्लोअर. कागदावर एवढं सुंदर डिझाईन क्वचितच बघायला मिळतं, मी पहिल्यांदा त्याचं कटिंग केलेलं चित्र बघितलं तेव्हा जेवण विसरलो होतो.

पण लायनर. ज्यानं कधी वेट लायनर बसवलाय त्याला माहीत हाय की सगळा खेळ सीलवर असतो, बाहेरून पाणी, आतून आग, आणि लोखंड तापून फुगत असतं. इथं तर लायनरच्या मधोमध सगळ्यात जास्त उष्णता, वर भोकं, खाली भोकं, सगळ्या ठिकाणी सील. एल-६० ला लायनर फेल व्हायचे, गळती व्हायची, व्हायब्रेशननं पाइप सुटायचे, फॅनचा ड्राइव्ह त्रास द्यायचा. ठरवलं होतं ७०० एचपी, सुरुवातीला मिळाले ५८५. आणि तेवढ्यात रणगाड्याचं वजन ठरल्यापेक्षा वाढत गेलं. मग वर्षानुवर्षं सुधारणा करत करत मार्क ५ ला ७५० एचपीपर्यंत आणलं. म्हणजे इंजिनच्या रकान्यात चीफ्टनचा जवळपास सगळा इतिहास एकाच इंजिनाच्या दुरुस्तीचा इतिहास हाय. माझं प्रामाणिक मत, डिझाईन करणाऱ्याला दोष देऊ नका, चुकलं ते एकाच इंजिनावर दोन ओझी टाकल्यामुळं, कुठलंही इंधन चालावं हे एक आणि छोट्या जागेत मोठी ताकद मिळावी हे दुसरं. विहिरीवरच्या इंजिनाला सुद्धा आपण एवढी अट घालत नाही.

चीफ्टनचे डोळे कसे सुधारले तेही रकान्यात लिहा, हा भाग लोक सोडून देतात. आधी अंतर मोजायला तोफेच्या सोबत १२.७ मिलिमीटरची एक मशीनगन असायची, तिच्या गोळ्या लक्ष्यावर पडताना दिसल्या की मग मोठी तोफ मारायची. पद्धत साधी पण वेळखाऊ, आणि आपण कुठं आहे हे शत्रूला आधीच कळतं. मग १९७० च्या दशकात लेझर आला, त्यानंतर कॉम्प्युटरवर चालणारी फायर कंट्रोल यंत्रणा आली, शेवटच्या मार्क ११ ला उष्णतेवर बघणारा टॉग्ज कॅमेरा आला. बाहेरून रणगाडा तोच, पण पहिला चीफ्टन आणि शेवटचा चीफ्टन रात्री समोरासमोर आले असते तर दुसऱ्यानं पहिल्याला दिसायच्या आधीच गाठलं असतं.

चिलखताच्या रकान्यात एक शब्द येतो, स्टिलब्रू. १९८० च्या दशकात चीफ्टनच्या टरेटच्या पुढच्या बाजूला ओतीव पोलादाचे जाड तुकडे लावले, त्यांच्या मागं रबराचे थर. फोटोत निमुळतं नाक जाऊन तिथं गोल गुबगुबीत गाल दिसले की तो स्टिलब्रू. नाव पडलं ते दोन माणसांवरून, कर्नल स्टिल आणि जॉन ब्रूअर. वजन वाढलं, इंजिन तेच राहिलं, तेही वहीत मांडा.

आता चॅलेंजर १ कसा जन्मला ते समजून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण इथं अपग्रेडची वाट ब्रिटनमधून नाही तर इराणमधून गेलीय. इराणच्या शहानं ७०० च्या वर चीफ्टन घेतले होते आणि त्याला त्याहून चांगले पाहिजे होते. त्याच्यासाठी शिर-१ आणि शिर-२ असे दोन रणगाडे तयार होत होते, नवं रोल्स-रॉइस सीव्ही-१२ डिझेल, फोर-स्ट्रोक, १,२०० एचपी, आणि शिर-२ ला चॉबम चिलखत. १९७९ ला इराणमध्ये क्रांती झाली, ऑर्डर रद्द. शिर-१ पुढं जॉर्डनकडं खालिद नावानं गेला आणि शिर-२ मध्ये बदल करून ब्रिटननं स्वतःच घेतला, तोच चॅलेंजर १, १९८३ ला सैन्यात. चॉबम चिलखत आतून नेमकं कसं हाय हे आजही गुप्त हाय, वेगवेगळ्या पदार्थांचे थर असतात एवढं उघड हाय, आणि असे थर सपाट पेटीत भरावे लागतात, त्यामुळं चॅलेंजरचा टरेट चीफ्टनसारखा गोलाकार न राहता मोठमोठ्या सपाट फळ्यांचा झाला. आकार बघून चिलखत ओळखता येतं ते असं.

आता कॅलक्युलेटर काढा. एचपीला वजनानं भागायचं, बस. सेंच्युरियन ६५० भागिले ५२, म्हणजे टनाला साडेबारा एचपी. चीफ्टन मार्क ५ चे ७५० भागिले ५५, साधारण १३.६. चॅलेंजर १ चे १,२०० भागिले ६२, म्हणजे १९ च्या वर. बघितलं का, सेंच्युरियनपासून चीफ्टनपर्यंत एवढी उठाठेव करून आकडा एकानंच हलला, आणि एक सरळ साधं फोर-स्ट्रोक व्ही-१२ आलं तर एकदम सहानं वर गेला. हा आकडा सेमिनारमध्ये फळ्यावर लिहिला तर बाकी दहा स्लाइडची गरज नाही. आणि लगेच चॅलेंजर २ चा पण काढा, इंजिन तेच १,२००, साधं वजन ६२.५ टन म्हणजे १९ च्या वरच, पण इराकसाठी जादा चिलखत लावून वजन ७५ टनांपर्यंत गेलं की आकडा १६ वर येतो. चिलखताच्या रकान्यातला बदल इंजिनच्या रकान्यात येऊन बसला.

नावावर जाऊ नका, ही एक मोठी चूक सगळे करतात. चॅलेंजर १ आणि चॅलेंजर २ नाव एकच, पण दोघांत एकमेकांना बसतील असे पार्ट ५ टक्क्यांच्या आतच. चॅलेंजर १ नं १९९१ च्या आखाती युद्धात साडेचार किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावरून इराकी रणगाडा उडवला होता, पण त्याआधी १९८७ च्या नेटोच्या गोळाबारी स्पर्धेत तो मागं पडला होता, नेम धरायची यंत्रणा जुन्या चीफ्टनच्या घराण्यातली होती. म्हणून चॅलेंजर २ ला टरेट पूर्ण नवा, नवी एल-३० तोफ, नवे डोळे. १९९८ ला सैन्यात आला, ब्रिटननं ३८६ घेतले, ओमाननं ३८. फोटोत ओळखायची सोपी खूण सांगतो, कॅमेऱ्याची पेटी टरेटच्या उजव्या बाजूला चिकटलेली असेल तर चॅलेंजर १, तोफेच्या डोक्यावर बसलेली असेल तर चॅलेंजर २. सेंच्युरियनचं पण सांगून टाकतो. नळीच्या टोकाला भोकाचा ब्रेक असेल तर १७-पाउंडर. टोकाला नुसतं जाड कडं तर सुरुवातीची २०-पाउंडर. नळीच्या मधे धूर ओढणारा फुगा असेल तर नंतरची २०-पाउंडर किंवा १०५. चीफ्टनला तोफेच्या बुडाशी सेंच्युरियनसारखी वेगळी ढाल नसतेच, नळी सरळ टरेटमधून बाहेर येते.

शेवटचं अपग्रेड सगळ्यात अवघड, चॅलेंजर ३, आणि वहीची पद्धत खरी कामाला येते ती इथंच. ब्रिटिशांनी फार काळ खाचांची म्हणजे रायफल केलेली नळी ठेवली, बाकी लेपर्ड २, एब्रॅम्स सगळे गुळगुळीत नळीवर गेले तरी. कारण त्यांचा आवडता गोळा हेश. हा गोळा चिलखतावर शेण थापल्यासारखा चपटा पसरतो आणि मग फुटतो, आतल्या बाजूनं पोलादाचे तुकडे उडतात, भिंती आणि बंकरवर तर फारच चालतो. त्याला फिरत जाणं आवडतं, म्हणून खाचा. पण चिलखत भेदणारा आजचा मुख्य गोळा म्हणजे लांब बारीक बाण, मागं पंख असलेला, त्याला फिरणं नको असतं, खाचांच्या नळीतून मारायचा तर त्याला घसरणारी कडी लावावी लागते. त्यात पुन्हा ब्रिटिश दारूगोळा तुकड्यात, गोळा वेगळा आणि दारू वेगळी, त्यामुळं बाण किती लांब करायचा ह्याला मर्यादा.

मग ठरलं, नळी गुळगुळीत करायची, जर्मन १२० मिलिमीटरची एल-५५ घ्यायची. आता ओढाताण बघा. ह्या तोफेचा गोळा एका तुकड्यात, लांब. जुन्या टरेटमध्ये आणि हलमध्ये गोळे आणि दारू ठेवायच्या जागा वेगवेगळ्या, छोट्या तुकड्यांच्या मापाच्या. लांब गोळा तिथं बसत नाही. म्हणजे ठेवायची जागा बदला. म्हणजे टरेट बदला. टरेट नवा म्हटल्यावर डोळे नवे, वायरिंग नवं, चिलखत नवं. येणारं रॉकेट हवेतच उडवणारी ट्रॉफी यंत्रणा पण लावायची ठरली. मे २०२१ ला करार झाला, राइनमेटाल आणि बीएई सिस्टिम्स ह्यांच्या जोडकंपनीकडं, टेलफर्डला काम, १४८ रणगाडे, ८० कोटी पौंड. हल चॅलेंजर २ ची, डोकं नवं. एल-७ च्या वेळेला तोफ बदलली आणि काही हललं नाही, इथं तोफ बदलली आणि अर्धा रणगाडा बदलला. ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली की विषय संपतो, माझ्या मते सेमिनारचा सांगाडा हाच असावा, बाकी मधलं सगळं ह्या दोघांच्या मधलं अंतर.

एवढं वहीत झालं की प्रत्यक्ष लोखंड बघायला जा, फोटोत ५२ टन कळत नाहीत. अहिल्यानगरला रणगाडा संग्रहालय हाय, तिथं सेंच्युरियन हाय, आणि आपला विजयंता पण हाय. कोल्हापुरातून पुणेमार्गे पहाटे निघायचं, आधी वेळेची चौकशी करून. सेंच्युरियन आपल्या घोडदळानं लढवलेला रणगाडा, १९६५ ला फिलोराच्या लढाईत पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर, १९७१ ला बसंतरला त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. त्या रणगाड्यापुढं उभं राहिल्यावर थोडा वेळ वही बंदच ठेवावी वाटते, ठेवा.

मग विजयंतासमोर वही उघडा आणि शेवटची ओळ स्वतः भरा, मी भाच्याला तेच करायला लावलं. डिझाईन व्हिकर्सचं, १९६५ पासून, पुढं चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात बनलेला. तोफ तीच एल-७, १०५ मिलिमीटर. इंजिन तेच एल-६०, पण इथं ५३५ एचपीवर ठेवलेलं. वजन ३९ टन. त्यानं तिथंच मोबाइलवर भागाकार केला, १३.७ आलं, चीफ्टन मार्क ५ एवढंच, आणि मला विचारलं, मामा मग ह्यांनी तेच इंजिन कमी ताकदीवर ठेवून तोच आकडा आणला तो कशाच्या जिवावर. मी काही बोललो नाही. त्यानं चिलखताचा रकाना बघितला, पुढचं चिलखत ८० मिलिमीटर, आणि पेनानं तिथून इंजिनच्या रकान्यापर्यंत एक बाण काढला.